उत्तर न देणारे खातू सर

सिल्वासात किलवणी नाक्यावरून आमलीकडे जाताना कुणालाही विचारा, खातू सर कुठे राहतात, तो तुम्हाला थेट त्यांच्या जिन्यापर्यंत आणून सोडील. मात्र खुद्द खातू सरांना काही विचारायला जाऊ नका. उत्तर मिळायचं नाही. भाजीवाली म्हणते, "सर, गवार किती देऊ?" तर सर म्हणतात, "दोन माणसांना किती लागेल असं तुला वाटतं?" ती बिचारी मनाशी अंदाज बांधते आणि पिशवीत टाकते. लग्नानंतर नव्या नवलाईच्या दिवसांत नलिनीबाईंनी एकदा विचारलं होतं, "आमटीत मीठ बरोबर पडलंय ना?" त्यावर सर म्हणाले, "बरोबर म्हणजे कशाच्या मानाने?" तेव्हापासून नलिनीबाई आपल्या मनाने मीठ घालतात आणि सर मुकाट्याने जेवतात.

माणूस आडमुठा नव्हे, बरं का. ती त्यांची शिकवण्याची रीत होती, ती पुढे हाडीमाशी खिळली. गुहागरकडच्या एका गावातून रमाकांत खातू सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला इथे आले, तेव्हा आजच्यासारखी कारखान्यांची दाटी नव्हती. वर्गात वारल्यांची मुलं, गुजराती दुकानदारांची मुलं, आणि पुढे धुळे-नंदुरबारहून कामाला आलेल्यांची मुलं. प्रत्येकाची घरची बोली वेगळी. सरांनी ठरवलं की आयतं उत्तर कुणालाच द्यायचं नाही. लंबक का हलतो, असं विचारलं की सर म्हणणार, "तू काय पाहिलंस ते आधी सांग." मुलं पहिल्यांदा वैतागायची, मग खरोखरच पाहायला लागायची. त्यांतली कितीतरी आज चांगल्या हुद्द्यावर आहेत आणि रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. एखाद्या रीतीला एवढं यश आलं की ती रीत बदलावी असं कुणाला सुचणार?

निवृत्तीनंतर सरांना फिरायला सोबती मिळाला तो भास्कर निकम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनियर, पण डोक्यात धरणापेक्षा श्लोकच जास्त साठलेले. रोज सकाळी दमणगंगेच्या काठाने दोघे चालायचे आणि भांडायचे. भास्कर म्हणायचा, आपल्या ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं. सर म्हणायचे, होतं तर पुरावा कुठाय? एका रविवारी भांडण जिन्यावरून वर, थेट सरांच्या दिवाणखान्यात येऊन पोचलं. नलिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता आलाच आहात तर बसून भांडा. चहा टाकते."

त्यातूनच रविवारची बैठक उभी राहिली. हळूहळू शैलजाबाई आल्या, त्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका. आणखी चार-पाच जण आले. सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं. आधी डोळे मिटून थोडा वेळ गप्प राहायचं, मग बोलायचं. सरांचे दोनच नियम. पहिला नियम असा, की पुस्तकातलं काही सांगायचं नाही, विज्ञानाच्याही नाही आणि पोथीतलंही नाही. स्वतःच्या आत जे पाहिलं तेवढंच सांगायचं. या नियमाने भास्करची निम्मी विद्या बुडाली. दुसरा नियम असा, की कुणी प्रश्न टाकला तर त्याला उत्तर द्यायचं नाही. उलट असा प्रश्न विचारायचा, की विचारणारा स्वतःच्या आत आणखी एक पायरी उतरेल. उत्तर मिळालं की शोध थांबतो, असं सरांचं म्हणणं.

बैठकीला गंमत यायची, हे खोटं नाही. एकदा सरांनी छोट्या वाटीत गरम पाणी घेतलं आणि त्यात थर्मामीटर बुडवला. म्हणाले, "हा काचेचा तुकडा गार होता. पाण्याची थोडी ऊब त्याने घेतली, म्हणजे पाणी तेवढं निवलं. मोजायला गेलो आणि जे मोजायचं तेच बदललं. आता आठवडाभर आपापल्या रागाकडे बघा, तिथे काय होतं ते." पुढच्या रविवारी भास्करने कबूल केलं की त्याने रागाकडे पाहिलं आणि त्याला अजूनच राग आला. सगळे पोटभर हसले.

या मंडळींत सुकदेव कसा शिरला, तीही एक मजाच. सुकदेव वाघ मूळचा शिरपूरकडचा. खडोलीला धाग्याच्या कारखान्यात पाळीवरचा सुपरवायझर, राहायला अथालच्या चाळीत. त्याच्या मुलीला, सोनीला, सरांनी घरी बारावीचं फिजिक्स शिकवलं होतं. ती पास झाली म्हणून हा पेढे घेऊन आला, तो नेमका रविवारी. सगळे डोळे मिटून बसलेले. कुणी वारलंय की काय असं वाटून हाही चपला काढून हळूच कोपऱ्यात बसला. डोळे उघडल्यावर सरांनी विचारलं, "काय दिसलं?" सुकदेव म्हणाला, "सर, कारखान्यात दिवसभर मशीनचा आवाज. आज पहिल्यांदा कळलं, की तो मशीन बंद असली तरी माझ्या कानात चालूच असतो." मंडळी गार झाली. वर्षभर बसून त्यांच्यापैकी कुणाला एवढंही दिसलं नव्हतं. तेव्हापासून सुकदेव बैठकीचा झाला.

येताना तो इस्त्रीचा शर्ट घालायचा. बोलायचा कमी, पण बोलला की सर सरसावून बसायचे. शिक्षकाला हुशार विद्यार्थी भेटला की जे होतं, ते सरांना उतारवयात पुन्हा व्हायला लागलं होतं. नलिनीबाई तर म्हणायच्या, "आज रविवार ना, म्हणून सकाळपासून तीनदा आरशात बघून झालं."

एका रविवारी डोळे उघडल्यावर सुकदेव स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, आज एक अजबच झालं. हा हात माझा नाहीच, असं वाटत होतं. बाजूवाल्याचा हात कुणी माझ्या मांडीवर आणून ठेवलाय, असं."

देह म्हणजे मी नव्हे, हे भास्करने जन्मभर वाचलं होतं, घोकलं होतं, लोकांना ऐकवलं होतं, आणि त्याला स्वतःला मात्र सकाळी गुडघा दुखला की मीच दुखतोय असं वाटायचं. त्याच्या चेहऱ्यावर सरळसरळ हेवा उमटला. सर पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हात तुझा नाही, हे कळलं कुणाला?"

सुकदेव विचारात पडला. "ते मात्र माझं मलाच कळलं," तो म्हणाला.

"तो 'मी' कुठे होता तेव्हा?"

त्या दिवशी पोह्यांच्या बशा निवून गेल्या तरी कुणी उठेना. इतकी रंगलेली बैठक कधी झाली नव्हती. सुकदेवही खुलला होता. एवढी शिकलेली माणसं आपल्या एका हाताविषयी तासभर बोलतात, हे त्याला नवीन होतं.

पुढच्या रविवारी तो आला आणि म्हणाला, "परत झालं. आता तर डोळे मिटले नव्हते. मशीनपाशी उभा होतो. बॉबिन उचलायला गेलो तर हात आलाच नाही. थोड्या वेळाने आपोआप आला."

"काम करता करता?" भास्करला राहवेना. "अरे, ही तर सहजावस्था. यालाच आपल्याकडे..."

"पोथी नको," सरांनी त्याला दटावलं.

शैलजाबाईंनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली थोडी," सुकदेव म्हणाला.

"भीती कुणाला वाटली?" सर म्हणाले. "हाताला, की सुकदेवला?"

सगळे हसले, सुकदेवही हसला. पण हसून झाल्यावर त्याने सरांकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "सर, हे चांगलं लक्षण आहे ना?"

या बैठकीत इतका सरळ प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. हो म्हणा किंवा नाही म्हणा, एवढंच त्याला हवं होतं. सर प्रेमाने म्हणाले, "तुला काय वाटतं?"

सुकदेवने मान हलवली. म्हणाला, "चांगलंच असेल."

मंडळी गेल्यावर बशा उचलता उचलता नलिनीबाई म्हणाल्या, "अहो, त्याला डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं होतं. हात उचलला जात नाही म्हणजे काय?" सर खिडकीशी उभे होते, अजून त्या रंगातच. म्हणाले, "नलिनी, सगळ्याच गोष्टी दवाखान्यात नेऊन संपत नाहीत." नलिनीबाईंनी नळ सोडला. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलावं नि कुठे नळ सोडावा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र आपण नळ सोडायला नको होता, असं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी बैठक संपत आली होती. नलिनीबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. सुकदेवला त्यांनी पोह्यांची बशी दिली, त्याने ती डाव्या हातात घेतली आणि बशी सावकाश कलंडली. पोहे पँटवर, सतरंजीवर. सुकदेव ते बघत राहिला आणि ओशाळून हसला. हसला तो उजव्या बाजूने. डावी बाजू होती तशीच राहिली.

नलिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला. "अहो, गाडी काढा."

सर म्हणाले, "काय झालं असं तुला वाट..."

"विचारू नका. काढा गाडी."

सरांनी गाडी काढली. भास्कर आणि शैलजाबाईंनी सुकदेवला दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवला. तो काहीतरी बोलत होता आणि ते कुणाला कळत नव्हतं. ज्याचा एकेक शब्द ही मंडळी दोन रविवार चघळत बसली होती, तो आता तोंडाने सांगत असूनही कुणाला उमगेना. किलवणी नाक्यावर सरांनी लाल सिग्नल तोडला, जन्मात पहिल्यांदा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, भराभर काम करणारा. त्याने सुकदेवला आत घेतलं, तपासण्या झाल्या, इंजेक्शन दिलं गेलं. डोक्यात रक्ताची गुठळी होती. बाहेर येऊन त्याने मंडळींना विचारलं, "वेळेत आणलंत, जीव वाचेल. हाताचं नंतर बघू. याआधी असं कधी झालं होतं का? थोडा वेळ हात बधिर होणं, उचलला न जाणं?"

भास्करने शैलजाबाईंकडे पाहिलं, शैलजाबाईंनी सरांकडे. त्या हाताविषयी जगात कुणाला सगळ्यांत जास्त माहिती असेल, तर ती या तिघांना. "हो," सर म्हणाले. "दोनदा."

"मग तेव्हाच का नाही आणलं?"

डॉक्टर घाईत होता. उत्तराची वाट न बघता तो आत निघून गेला.

पुढचे दोन रविवार बैठक झाली नाही. भास्कर फिरायला येईनासा झाला. नलिनीबाई "मी सांगत होते" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर सरांना निदान भांडता तरी आलं असतं. त्या दवाखान्यात डबा देऊन यायच्या, कसा आहे ते सांगायच्या. सर जायला निघायचे आणि जिन्यातून परत यायचे. सुकदेवच्या बायकोला, केसरबाईला, तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार.

दुसऱ्या रविवारी सर एकटेच दिवाणखान्यात बसले. सतरंजीवर हळदीचा डाग तसाच होता. त्यांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि सवयीप्रमाणे स्वतःला विचारलं, 'चुकलं ते कोण?' आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. चुकलं ते कोण म्हणजे काय? रमाकांत खातू चुकला. यात आणखी आत उतरायला पायरीच नव्हती. पहिल्यांदाच त्यांना दिसलं, की आपला प्रश्न कधीकधी शोधासाठी नसतो, पळून जाण्यासाठी असतो.

मग त्यांनी खरोखर पाहिलं. सुकदेव म्हणाला होता, हा हात माझा नाही, त्या क्षणी आपल्याला काय झालं होतं? आनंद झाला होता. इतकी वर्षं आपण गोल करून बसतो, कुणाला काही होत नाही, आणि आज आपल्या घरात, आपल्यासमोर कुणाला तरी काही झालं. शाळेत एखाद्या पोराने 'सर, हात बधिर झालाय' म्हटलं असतं तर त्यांनी तास सोडून त्याला दवाखान्यात नेलं असतं. वर्गात ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, की दिवा लागला नाही तर आधी तार तुटली आहे का ते बघा, सिद्धांत नंतर मांडा. सुकदेवची तार तुटत होती आणि सर उजेडाविषयी बोलत होते. नुसतं अज्ञान असतं तर बरं होतं. हा मोठेपणाचा मोह होता. सरांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. नलिनीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

सुकदेवला दवाखान्यातून घरी सोडल्यावर एका दुपारी सर अथालला गेले. नलिनीबाई येते म्हणाल्या, पण सर म्हणाले, "नको, मला एकट्याला जाऊ दे." चाळीत खोली शोधायला वेळ लागला नाही. सुकदेव खाटेवर उशांना टेकून बसला होता. डावा हात मांडीवर पडलेला. सरांना पाहून तो अर्ध्या चेहऱ्याने हसला आणि उठू लागला. सरांनी त्याला बसवलं. केसरबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. ती एका कारखान्यात पॅकिंगला जायची. आता रजेवर होती. बाई अंगाने किरकोळ, पण नजर सरळ.

वाटेत सरांनी बोलायचं काय काय ठरवलं होतं. ते सुरू करायच्या आत केसरबाई खाली भिंतीला टेकून बसली आणि तिनेच विचारलं, "सर, यांनी तुम्हाले हाताचं आधी सांगेल व्हतं का? डॉक्टर म्हनत व्हता, आधी दोनदा झालतं."

सरांच्या तोंडाशी शब्द आले, 'तुम्हाला काय वाटतं?' चाळीस वर्षांची सवय ती. त्यांनी ते शब्द गिळले.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा सांगितलं. हे चांगलं लक्षण आहे का, असंही विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. दवाखान्यात जा म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही. चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर सर मान खाली घालून बसले. ती रडेल, शिव्या देईल, जा म्हणेल, सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. सुकदेव खाटेवरून उजवा हात हलवून नाही नाही म्हणत होता.

केसरबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माले नही सांगं त्यांनी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एक शब्द नही. माले सांगतं तर मी त्याच दिशी उचलून नेलं असतं. माझ्या बापले असंच झालतं, पहिले हात, मग तोंड. माले समदं माहीत शे. पन मी इचारलं ना, का हो, गुमसुम का बसले, तर म्हने, काही नही, सरले सांगेल शे." तिने तांब्या बाजूला सारला. "तुम्हाले सांगितलं म्हनून माले नही सांगितलं, सर."

सरांनी वर पाहिलं. हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. सुकदेवने डोळे मिटून घेतले होते.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिटी वाजली. केसरबाई उठली, पदर खोचला. "बसा सर तुम्ही. फिजिओवाली बाई सांगून गेली, बोटं एक-एक करून सरळ करायची, दुखलं तरी. मी केलं तर ते माझ्यावर चिडतस. तुमच्यावर नही चिडनार." आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली.

सर खाटेच्या कडेला सरकले. त्यांनी सुकदेवचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. हात जड होता. अंगठ्यापासून सुरुवात करायची की करंगळीपासून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी केसरबाईला हाक मारून ते विचारलं आणि तिने सांगितलं तसं करू लागले.